झाली तर नेते

मनकर्णाबाईंनी हाती घेतलेलं शिवणकाम कधी पुरं होत नाही, हे अख्ख्या कडा गावाला माहीत होतं. हौस दांडगी, धीर तेवढाच तोकडा. पलंगाखालच्या पेटीत एका बाहीचा ब्लाउज होता, वरची दुमड राहिलेला पडदा होता, तोंड उघडे ठेवलेले अभ्रे होते. नवं कापड दिसलं की बाई जुनं टाकून त्याला भिडायच्या. नवरा सर्जेराव त्या पेटीला दवाखाना म्हणायचा. पेशंट भरती होतात, सुट्टी मात्र कुणालाच मिळत न्हाई, असं चारचौघांत सांगायचा आणि वर हसायचा.

अशात लेकीला, रूपालीला, परळीच्या वीजकेंद्रात नोकरी लागली. जिल्हा एकच, पण कडा एका टोकाला अन् परळी दुसऱ्या. मनकर्णाबाईंनी पेढे वाटून व्हायच्या आत जाहीर केलं, "तुला वाकळ शिवून देते."

"नको गं आई. तिथं लई गरम होतं. अन् ब्लँकेट घेतलंय मी."

"ब्लँकेटाला काय ऊब असती? टोचतंय नुसतं."

दोन दिवस हेच चाललं. शेवटी रूपाली हसून म्हणाली, "बरं बाई, झाली तर नेते."

ते 'झाली तर' बाईंना असं झोंबलं की विचारू नका. पोटची पोरगीसुद्धा बापाच्या पार्टीत गेली म्हणायची! आता काही झालं तरी ही वाकळ पुरी करायची आणि तिच्याबरोबर धाडायची, असा त्यांनी चंग बांधला. हात बसावा म्हणून आधी दवाखाना रिकामा केला. ब्लाउजला दुसरी बाही आली, अभ्र्यांची तोंडं मिटली, पडदा एकदाचा खिडकीला लागला. सर्जेराव त्या पडद्याकडं बघतच राहिला. मग बाईंनी आपल्या जुन्या पांढऱ्या साड्या काढल्या. वर्षानुवर्षं विहारात वंदनेला नेसून, धुऊन धुऊन त्या लोण्यासारख्या मऊ झाल्या होत्या. थरावर थर अंथरले आणि कडेनं टाके घालत, फेऱ्यावर फेरा घेत त्या मधे सरकू लागल्या. वाकळीवर बसूनच वाकळ शिवायची, ही त्यांच्या आईची रीत.

जायचा दिवस उजाडला तेव्हा मधला वीतभर चौकोन तेवढा राहिला होता. सकाळी सगळे विहारात जाऊन आले. बाईंनी कोरी पांढरी साडी नेसली होती. शिकवणीच्या पैशातून रूपालीनंच घेतलेली, निळ्या काठाची. ती बदलायलाही त्या थांबल्या नाहीत. आल्या तशा राहिलेल्या चौकोनाला लागून वाकळीवर बैठक मारली आणि सुई ओवली. पांढरी वाकळ, पांढरा दोरा, हात नुसता पळत होता. शेवटची गाठ मारून त्यांनी दोरा दातानं तोडला, तेवढ्यात दारात रूपालीला न्यायला आलेल्या बजरंगच्या जीपचा हॉर्न वाजला.

बाई उठायला गेल्या, तर वाकळही उठली.

मांडीवर पसरलेला साडीचा घोळ पांढऱ्यात पांढरा मिसळून केव्हा सुईखाली आला, त्यांना कळलंच नव्हतं. चांगल्या चार फेऱ्यांत तो वाकळीला पक्का शिवला गेला होता. त्या तशाच खाली बसल्या.

"चल की, बजरंग खोळंबलाय," सर्जेराव म्हणाला. "काहून बसलीस?"

रूपाली बॅग ठेवून जवळ आली. "आई, असं रुसून कसं चालंल? मी काय कायमची चाललेय का?"

"रुसले न्हाई गं. शिवले गेले."

रूपालीनं वाकून बघितलं आणि हसून हसून खालीच बसली. सर्जेरावाला तर दाराचा आधार घ्यावा लागला. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

"टाके उसव सावकाश," रूपाली डोळे पुसत म्हणाली. "वाकळ पुढच्या खेपेला नेईन."

मनकर्णाबाई स्वतःला पुरत्या ओळखून होत्या. आज उसवली की वाकळ पेटीत जाणार आणि पेटीतच राहणार. त्यांनी कात्री उचलली.

"आई, नवी साडी हाय ती!"

"असू दे," म्हणत बाईंनी टाक्यांच्या कडेकडेनं साडी कापली. नेसत्या साडीला ताटाएवढं भोक पडलं आणि तेवढा तुकडा वाकळीच्या पोटावर राहिला. वाकळीची घडी घालून त्यांनी ती लेकीच्या पुढ्यात ठेवली. "झाली. आता ने."

रूपालीनं घडी छातीशी धरली. तिचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"खरं सांगू आई? ही पुरी व्हायलाच नको होती मला."

"काहून?"

"ब्लँकेट पांघरून कुणाची आठवण येत न्हाई."

मनकर्णाबाईंनी वाकळ लेकीच्या हातातून घेतली, कापलेली साडी सावरत जीपपर्यंत गेल्या आणि रूपालीच्या सीटवर बसायला अंथरून दिली.