चाळीस मिलिलिटरची उणीव

मी एक लिटरचे माप आहे, असे माझ्या अंगावर कोरलेले आहे. ते खरे नाही. बोलायला बसलो आहे, तर प्रथम हेच सांगितले पाहिजे. बाकीचे त्यानंतर.

ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मला घडवले. लांब दांडी, गोल तोंड, सपाट तळ. वैधमापन खात्याच्या निरीक्षकाने मला पाण्याने भरून पारखले आणि काठाजवळ मुद्रा ठोकली. त्या दिवसापर्यंत मी नुसता पत्रा होतो.

फैजपूरच्या तोतारामआबांनी मला विकत आणले. त्यांच्या गोठ्यात तेव्हा चार म्हशी होत्या. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, मग सायकलला कॅन बांधून गावभर दूध, हा त्यांचा क्रम. दर खंडेनवमीला विळा, कुदळ, टिकाव यांच्या पंक्तीत ते मलाही पाटावर मांडत आणि हळदकुंकू वाहत. देवाच्या दारी माझ्यासारख्या वस्तूलाही स्थान असते, हे मला त्या पाटावर समजले.

पुढे एके सकाळी सायकल घसरली. भरलेला कॅन माझ्यावर पडला आणि माझ्या तळाला पोचा आला. आबांनी घरी येऊन मला पाण्याने भरले, ते पाणी शेजारच्या लोटनभाऊंच्या मापात ओतून पाहिले. त्यांचे माप भरले नाही.

लोटनभाऊ हसले. “अहो आबा, एवढंसं कमी! कोनाले दिसते?”

“ज्याले दिसाले पाह्यजे त्याले दिसते,” आबा म्हणाले. तालुक्याहून नवे माप येईपर्यंत त्यांनी लोटनभाऊंच्याच मापाने दूध घातले. त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी फळीवरच राहिलो. त्यांचा निर्णय योग्य होता. तरी वाईट वाटलेच.

मग कित्येक वर्षे मी आबांच्या नातीच्या टेबलावर पेने सांभाळली. नातीचे नाव कामिनी. माझ्या पोच्याची गोष्ट ती लहानपणी आबांच्या तोंडून अनेकदा ऐकून झोपली होती. ती एम.एस्सी. झाली आणि केळीला ठिबकने दिल्या जाणाऱ्या पाण्यावर तिने पीएच.डी. करायचे ठरवले. तिच्या मार्गदर्शक चारुलता मॅडम. त्यांच्याकडे एकच जागा रिकामी होती. जळगावला संशोधन समितीपुढे प्रस्ताव मांडायचा, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, आणि समितीने मान्यता दिली तर ती जागा तिची. मागच्या खेपेस तिचा प्रस्ताव परत आला होता. या वेळी परत आला असता, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

म्हणून तिने तयारी केली. मॅडमनी दिलेले पन्नास संभाव्य प्रश्न तिने पन्नास चिठ्ठ्यांवर लिहिले, मागे उत्तरे लिहिली आणि ती पाठ केली. माणसे प्रश्नाची तयारी म्हणजे उत्तराची तयारी समजतात. आपण काय केले आहे, हे आधी स्वतःला विचारण्याची तयारी फार थोडे करतात.

एके दुपारी तिने आबांना ओट्यावर खुर्ची दिली. “आबा, तुम्ही परीक्षक. एकेक चिठ्ठी उचला आणि विचारा.”

आबा सातवीपर्यंत शिकलेले. चष्मा लावून त्यांनी पोथी वाचावी तशी चिठ्ठी वाचली. “तुमची... संशोधन... पद्धती... कोणती?”

केळीच्या सत्तर बागांत जाऊन शेतकऱ्यांना विचारून केलेल्या नोंदी, असे उत्तर कामिनीने न थांबता दिले.

“बरं व्हतं,” आबा म्हणाले. “काय समजलं नही, पन बरं व्हतं. अडखळली नही.”

“आबा, चेष्टा नका करू.”

“मले खरं सांग, या सत्तर बागा तू फिरली?”

“हो. किती तास ठिबक चालवता, ते प्रत्येकाला विचारलं. आपल्याकडे पाणी कोणी लिटरमध्ये सांगत नाही, तासांतच सांगतात. मग मी तासाला चारने गुणलं. एका ड्रिपरमधून तासाला चार लिटर पडतं.”

“पडते? मोजलं कोनं?”

“ते नळीवर छापलेलंच असतं.”

आबांनी आत येऊन माझ्यातली पेने टेबलावर पालथी केली आणि मला तिच्या हातात दिले. “याच्यावर बी एक लिटर छापेल आहे. वाच.”

तिने वाचले. पन्नास चिठ्ठ्यांत हा प्रश्न नव्हता.

पावसाने उघडीप दिली होती. ती मला घेऊन वडिलांच्या बागेत गेली आणि एका ड्रिपरखाली मला धरून बसली. नळीवरचा आकडा खरा असता, तर मी पंधरा मिनिटांत भरायला हवा होतो. वीस मिनिटे लागली. दुसऱ्या ड्रिपरला चोवीस, तिसऱ्याला तीस. आमच्याकडच्या पाण्यातला क्षार त्यांच्या तोंडाशी साचला होता. दोन दिवसांत तिने बारा ड्रिपर मोजले. सरासरी निघाली अडीच लिटर. सत्तर बागांचे सगळे गुणाकार डळमळले.

तिने मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “लपवू नकोस. आपल्या बागेत हे आढळलं, म्हणून सगळीकडे मोजणार आहे, असं सांग. पण कशाने मोजलंस, ते विचारतील हं. समितीत धुळ्याचे योगेंद्र सर आहेत, ते सोडत नाहीत.”

कामिनीने एक्कावन्नावी चिठ्ठी घेतली. मला उचलून न्याहाळले. तिचा अंगठा माझ्या पोच्यावर गेला आणि तिथे क्षणभर थांबला. मग तिने लिहिले : ‘प्रमाणित एक लिटर मापाने.’

ती विसरली, असे मी म्हणणार नाही. सादरीकरण परवावर आले होते, तक्ते तयार झाले होते, आणि मुद्रा तर माझ्या अंगावर होतीच. चिठ्ठी तिने घडी करून माझ्यातच ठेवली. दुधाच्या व्यवहारातून मला दूर केल्याचे इतके दुःख झाले नव्हते, जितके ती चिठ्ठी पोटात घेताना झाले. मी लबाडी केली नव्हती. माझ्या नावावर ती होत होती.

निघायच्या सकाळी आबांनी देवापुढचा अंगारा तिच्या कपाळी लावला आणि मला तिच्या पिशवीत घातले. “ज्यानं मोजलं ते संगं असू दे.” चिठ्ठी त्यांना दिसली की नाही, मला माहीत नाही. त्यांनी ती काढली नाही.

समितीच्या खोलीत लांब टेबल होते. माझी पिशवी कामिनीच्या पायाशी. पन्नासांपैकी नऊ प्रश्न आले. तिने चांगली उत्तरे दिली. बागेत मोजल्यावर चारऐवजी अडीच लिटर निघाले, हेही तिने सांगितले. चारुलता मॅडमनी मान डोलावली.

मग योगेंद्र सर पुढे झुकले. “हे अडीच लिटर कशाने मोजलेत?”

“लिटरच्या मापाने, सर.”

“प्रमाणित?”

उत्तर पाठ होते. एका शब्दाचे उत्तर. पिशवी उघडली गेली आणि कामिनीचा हात माझ्या दांडीला लागला.

“मुद्रा आहे सर, पण ते प्रमाणित नाही.” तिने मला टेबलावर ठेवले. “तळाला पोचा आहे. हे कमी मोजतं, म्हणून माझ्या आजोबांनी याने दूध घालणं बंद केलं होतं. मला ते माहीत होतं. तरी मी याला एक लिटर धरलं. म्हणजे अडीच हा आकडासुद्धा चूक आहे.”

“किती चूक?”

“मला माहीत नाही, सर.”

चारुलता मॅडमनी डोळे मिटले. योगेंद्र सरांनी मला उचलून काठाजवळची मुद्रा वाचली, चिठ्ठी काढून वाचली आणि पुन्हा आत ठेवण्याऐवजी तिच्यासमोर ठेवली. मग त्यांनी शिपायाकडून प्रयोगशाळेतले काचेचे मोजपात्र मागवले. काठोकाठ भरलेला मी त्यात ओतला गेलो. सगळे वाकून पाहू लागले. इतक्या विद्वानांनी मला एकाच वेळी कधी पाहिले नव्हते.

“नऊशे साठ,” सर म्हणाले. “चाळीस मिलिलिटर कमी. करा दुरुस्ती.”

तिने फळ्यावर हिशेब मांडला. अडीच लिटरचे दोन लिटर चारशे मिलिलिटर झाले.

“आता हा आकडा मी मानतो,” ते म्हणाले. “पण सत्तर बागांच्या नोंदी बाजूला ठेवा. त्यांतली एकही चालणार नाही. प्रत्येक बागेत जाऊन मोजा. वर्ष जाईल. तयारी आहे?”

“आहे, सर.”

“हे तरी पाठ केलेलं नाही ना?”

कामिनी पहिल्यांदा हसली. “नाही, सर.”

समितीने दुरुस्तीसह मान्यता दिली. जागा तिला मिळाली, आणि तिचे एक वर्ष जाणार हेही ठरले. दोन्ही एकाच कागदावर आले. यात अन्याय मला दिसत नाही. ज्याचे त्याने भरून द्यायचे असते.

घरी आल्यावर तिने आबांना सगळे सांगितले. चिठ्ठीचेही. आबा ऐकून घेऊन एवढेच म्हणाले, “चूक काढली ना टेबलावर? बस.” मग तांबड्या ऑइल पेंटचा डबा शोधून त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवला. मुद्रेच्या खाली, ठळक अक्षरांत, तिने माझ्या अंगावर लिहिले : ९६० मिली.

परवा खंडेनवमी झाली. विळा, कुदळ, टिकाव यांच्या पंक्तीत आबांनी मला पुन्हा पाटावर मांडले. पोचा तसाच आहे. तो निघणार नाही. देवाने माझी उणीव नाहीशी केली नाही. ती लिहून ठेवायला एक हात पाठवला, आणि मला तेवढी कृपा पुरे आहे.

वाचणाऱ्या माणसा, तुझ्यावरही कोणीतरी कधीतरी मुद्रा ठोकली असेल. त्यानंतर तू किती वेळा पडलास, हे मुद्रेला माहीत नसते. स्वतःला एकदा भरून पाहा.

उद्या सकाळी कामिनी मला घेऊन सत्तरांतल्या पहिल्या बागेत जाणार आहे. बाग उखर्डूनानांची. त्यांना माझी एकच विनंती आहे : माझ्यावर तांबड्या रंगात काय लिहिले आहे, ते आधी वाचा, आणि मगच मला तुमच्या ड्रिपरखाली धरू द्या.