सत्यशीलाच्या यकृतातला एक जुना रेणू

मित्रांनो, मी एक जुना रेणू आहे. जुना म्हणजे कालचा. हसू नका, आमच्यात एक दिवस टिकला की तो म्हातारा समजतात. माझं नाव ग्लुटाथायोन. हडपसरच्या बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या सत्यशीलाच्या यकृतात मी राहतो.

डाळी-दुधातली प्रथिनं फुटून अमिनो आम्लं होतात आणि त्यांतली तीन जोडून पेशी मला घडवते. मधल्या आम्लावर गंधक असतं, तोच माझा हात. पेशीचं काम चालू असताना पेरॉक्साइडसारखी त्रासदायक द्रव्यं तयार होतात. मी आणि माझा एखादा सोबती त्यांना आपापला हायड्रोजन देतो आणि त्यांचं पाणी होतं. मग आम्ही रिकाम्या हातांचे दोघे एकमेकांना चिकटून बसतो. एक विकर, म्हणजे एन्झाइम, येऊन आम्हाला सोडवतं, नवा हायड्रोजन देतं आणि परत कामाला लावतं. हे काम मला फार आवडायचं. कौतुक मात्र कोणी केलं नाही. हृदयावर लोक जीव ओवाळून टाकतात, यकृताची आठवण कावीळ झाल्यावरच होते.

सत्यशीला मूळची लातूरकडची. नवरात्रात तिच्या घरी घट बसतात आणि ते उठेपर्यंत ती पाण्यावर आणि काळ्या चहावर राहते. यंदा मधल्या माळेलाच तिला ताप भरला. बाहेरचं बोलणं आम्हाला बरगड्यांतून ऐकू येतं. काल तिचा नवरा उत्तरेश्वर काकुळतीला आला होता.

"दोन घास खा की गं. तापात कशाला उपास?"

"घट बसलेत घरात. मी नाही मोडायची," ती म्हणाली. "आन् गोळीनं काय उपास मोडत नसतो."

मेडिकलमधून आणलेली तापाची गोळी ती घेतच होती. अंग ठणकतं म्हणून तिने कारखान्यातून मिळालेली अंगदुखीची गोळीही सुरू केली. मग घरमालकीण शालूताई एक पाकीट घेऊन आल्या. "ही सर्दीची हाय, निराळी हाय. घे बिनधास्त." नावं निराळी, रंग निराळे, पण तिन्हींच्या पोटात पॅरासिटामॉलच होतं. माझं ओरडणं कोणाला ऐकू जाणार?

हे औषध बेताने घेतलं तर गुणाचं आहे. त्याचा थोडासाच भाग यकृतात विषारी होतो आणि तो आम्ही पकडतो. पण हे काम पेरॉक्साइडसारखं नाही. विषाला एकदा गंधकाने धरलं की सुटका नाही, त्याच्यासकट पित्तातून नाहीतर लघवीतून बाहेर जावं लागतं. माझे सोबती असेच गेले. त्यांच्या जागी नवे घडवायला डाळ नव्हती, दूध नव्हतं. पेशी ओस पडत गेली आणि मला भीती वाटू लागली.

आज सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तेव्हा उत्तरेश्वरने तिला रिक्षातून रुग्णालयात आणलं. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल पाहिला, मग गोळ्यांची पाकिटं उलटून पाहिली.

"तिन्हींत एकच औषध आहे. मागे छापलेलं असतं, शोभेसाठी नाही."

"मॅडम, बरी हुईल ना ती?"

"सलाईनमधून उतारा सुरू केलाय. पण उशीर झालाय, आपण खोटी आशा धरू नका."

तो उतारा म्हणजे आम्हाला घडवण्याचंच सामान. पण सामान आलं तरी घडवणारी पेशी जिवंत लागते. माझ्या शेजारच्या पेशी फुटून गेल्या आहेत. ही माझी पेशीही आता सुजू लागली आहे.

मित्रांनो, तापात उपास सोडला म्हणून कोणतीही देवी रागावत नाही. दुसरी गोळी घेण्याआधी तिच्यात पहिलीचंच औषध नाही ना, एवढं विचारा. तुमच्या यकृतात माझे भाऊबंद आहेत, त्यांना उपाशी ठेवून लढायला लावू नका.

सत्यशीलासाठी मला आता फारसं करता येणार नाही. विषाचे रेणू समोर आले आहेत, पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकाला मी धरतो. बाकीच्यांना अडवायला इथे कोणी उरलेलं नाही.