पश्चिमेला गेलेलं दूध

दोन हजार चोवीस साल. डिसेंबर सरत आला होता आणि त्या वर्षीची येळवस नेमकी सोमवारी आली होती. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. धाराशिव-लातूरकडं त्या दिवशी गावात कुणी थांबत नाही, सगळी माणसं शेतात. कडब्याची खोप उभारायची, तिच्यात चुना दिलेले पाच दगड मांडायचे, ताकातली आंबील, शेंगा-भाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून पंगतीला बसवायचं.

चन्नम्माला मात्र त्या दिवशी कुठं बसवत नव्हतं.

सून शिवप्रिया भज्जीची पातेली उतरवत होती, तर चन्नम्मा खोपीच्या आत एक, बाहेर दोन अशा येरझारा घालत होती. पदराच्या टोकाला बांधलेला फोन ती घडीघडी सोडून बघायची आणि परत बांधायची. तुळजापूरहून नळदुर्गाकडं जाणाऱ्या सडकेलगतचं हे रान. समोर तुरीचं पीक वाळून उभं, वारा आला की शेंगा खुळखुळायच्या. एरवी हा आवाज तिला आवडायचा. लग्न होऊन आली त्या पहिल्या येळवशीपासून ती तो ऐकत होती. आज तो नकोसा झाला होता.

"अव्वा, जरा टेका," शिवप्रिया हळूच म्हणाली. "फोन आला तर वाजंलच की."

"वाजला तर ना."

तिचा मुलगा वीरभद्र श्रावणात परदेशी गेला, तेव्हा चन्नम्मानं गावात सांगितलं, पोरगं मस्कतला गेलं. सगळ्यांना पटलं, मस्कतला पुष्कळ जण जातात. पण तो गेला होता आफ्रिकेत, मोझांबिक देशात, नाकाला नावाच्या बंदरावर. लातूरच्या डाळमिलमध्ये तो दाणा दाताखाली धरून ओल ओळखायचा. ते बघून तूर आणणाऱ्या एका कंपनीनं त्याला तिकडं पाठवलं. माल जहाजात चढण्याआधी त्यानं तपासायचा आणि ठीक आहे म्हणून सही करायची.

हे गावात सांगायचं कसं? दोन सरकारांचा करार होता, दरवर्षी ठरावीक तूर तिकडून घ्यायचीच. पाऊसपाणी चांगलं झालेलं, घरची तूर काढणीला आलेली, आणि आफ्रिकेचं जहाज निघणार असल्याची नुसती बातमी आली तरी आडतीवर भाव खाली यायचा. सगळ्यांत जास्त संतापायचा तो तिचा धाकटा दीर कल्याणप्पा. थोरला भाऊ वारल्यापासून दोन्ही घरांची शेती तोच बघत होता. "कोण आणतंय ही तूर, एकदा तोंड तर दिसू दे," असं तो पारावर बसून म्हणायचा आणि चन्नम्मा घरात ऐकायची.

अशात तिकडं निवडणुकीचा निकाल लागला आणि दंगली पेटल्या. रस्त्यावर टायर जळायले, दुकानं फुटली. वीरभद्र गेल्या गुरुवारी फोनवर म्हणाला होता, "अव्वा, माल गोदामात हाय, जहाज समुद्रात उभं हाय. हमाल यायला भेतेत. एकदा माल चढला की सही करून मी दुसऱ्या दिवशी विमानात. तोवर कंपनी सोडत न्हाय." त्यानंतर फोन नाही.

म्हणजे सगळं गाव जे जहाज हलू नये म्हणत होतं, ते हलल्याशिवाय तिचा मुलगा घरी येणार नव्हता.

ऊन वर आलं तशी कल्याणप्पानं आंबिलीचा लोटा उचलला. त्याच्याबरोबर ईट गावचा उत्तरेश्वर होता, त्याचा जुना मित्र. भूम तालुक्यातून दरवर्षी मुद्दाम यायचा. तो आला की खोपीत हशा पिकायचा.

"वैनी, भज्जीला वास तर लई भारी सुटलाय," उत्तरेश्वर म्हणाला. "ह्या कल्याणप्पाशी दोस्ती टिकली ती तुमच्या हातामुळं. न्हायतर ह्येच्यात काय हाय?"

"चला आता, आंबील आंबट व्हायलीय," कल्याणप्पा म्हणाला.

"ती आंबटच असती. तुझ्यागत."

सगळे शेताच्या कडेनं निघाले. त्या घराची एक रीत होती. चन्नम्माच्या सासऱ्यांनी घालून दिलेली. शेताच्या चारी कोपऱ्यांवर आंबील शिंपडायची आणि दर कोपऱ्यावर एक मागणं मागायचं. मागच्यांनी एका आवाजात म्हणायचं, "तसंच होऊ दे." एकानं जरी तोंड मिटलं तरी ते मागणं सोडून द्यायचं. का मिटलं, ते विचारायचं नाही. चन्नम्मा नवी नवरी होती तेव्हा कुणीतरी मागितलं होतं, पुढच्या येळवशीला घरात पाळणा हलू दे. ती सोळा वर्षांची होती, घाबरून गप्प राहिली. सासऱ्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "आडलं," एवढंच म्हणाले आणि विहिरीला पाणी मागितलं. त्या माणसाची आठवण आली की तिच्या डोळ्यांत अजून पाणी यायचं.

उत्तरेच्या कोपऱ्यावर पाऊस मागितला. पूर्वेला जनावरांसाठी वैरण, दक्षिणेला लेकरांना सुख. पश्चिमेचा कोपरा शेवटचा, बांधावरच्या बोरीखालचा. तिथं कल्याणप्पा थांबला. उत्तरेश्वराकडं बघून डोळा मिचकावला आणि मोठ्यानं म्हणाला, "आफ्रिकेचं जहाज संक्रांत होईस्तवर हाय तिथंच राहू दे."

"तसंच होऊ दे," सगळे हसतच म्हणाले.

चन्नम्माचे ओठ हलले नाहीत. शिवप्रियानं मान खाली घातली.

"एक आवाज कमी पडला," उत्तरेश्वर म्हणाला. "वैनी, घसा बसला का?"

"बसला आसंल उन्हानं," कल्याणप्पा म्हणाला आणि त्यानं पुन्हा आंबील शिंपडली. "जहाज तिथंच राहू दे."

या वेळी हसण्याचा आवाजही कमी झाला. कल्याणप्पा वळला. सासऱ्यांची रीत त्यानं त्या दिवशी मोडली. "का वो वैनी?"

चन्नम्मा पदराच्या गाठीशी चाळा करत होती. "वीरभद्र मस्कतला न्हाय," ती म्हणाली. "त्या बंदरात हाय. ते जहाज हललं तरच तो येणार."



"म्हंजे," कल्याणप्पा सावकाश म्हणाला, "महिनाभर पारावर बसून म्या ज्येला शिव्या घालायलोय, ते आपलंच पोरगं?"

"त्यानं न्हाय तपासली तर दुसरा कुणी तपासंल."

"मग दुसऱ्याला तपासू द्यायची."

"करार सरकारनं केलाय, कल्याणप्पा. पोरानं न्हाय."

"सरकार काय आपल्या खोपीत जेवायला येतंय व्हय? त्येला काय विचारू? पोरगं घरचं हाय, त्येला विचारीन." त्यानं लोटा बांधावर ठेवला. "आडलं," म्हणाला आणि खोपीकडं चालू लागला. पश्चिमेच्या कोपऱ्यावर दुसरं काही मागितलं नाही. असं त्या शेतात पहिल्यांदा घडलं.

पंगत बसली. कल्याणप्पा सगळ्यांत लांब, आपल्या बैलाजवळ बसून जेवला. उत्तरेश्वरानं दोन-तीन विनोद करून बघितले, कुणी हसेना, मग तोही मुकाट उंडे खायला लागला. चन्नम्मा वाढत राहिली. कुणाच्या पानात भज्जी दोनदा पडली, कुणाला आंबीलच मिळाली नाही. दिराच्या पानाजवळ ती वाकली तेव्हा त्यानं पानावर आडवा हात धरला.

उन्हं कलायला लागली तेव्हा फोन वाजला. गाठ सुटेना. शिवप्रियानं दातानं सोडली. अनोळखी नंबर होता.

"अव्वा, म्या वीरभद्र. घरमालकिणीच्या फोनवरनं बोलतोय. नेट आत्ता आलं."

"कुठं हाईस? जेवलास का?"

"तिच्याच घरी हाय. अमेलिया नाव तिचं. बाहेर टायर जळायलेत म्हणून तिनं मला परवापासून दाराबाहेर पाय ठेवू दिला न्हाय. तुझ्यासारखीच हाय, अव्वा, ऐकतच न्हाय." तो हसला, पण हसणं पुरं झालं नाही. "आज येळवस ना? दूध कुठल्या दिशेला गेलं?"

"आजून उतू घालायचंय."

मागून बाईचा आवाज आला. वीरभद्र तिच्याशी काहीतरी बोलला आणि मग म्हणाला, "ती विचारतीय, जहाज कधी हलणार. तिचीबी तूर पडून हाय घरात. इकडं ती फारशी कुणी शिजवून खात न्हाय अव्वा, आपण घेतो म्हणून पेरतेत. मागं एका वर्षी आपल्या सरकारनं घेणं कमी केलं, तर हिनं चुलीत घातली म्हणती."

फोनचा आवाज मोठा ठेवला होता. कल्याणप्पा कधी उठून आला ते कुणाला कळलं नाही. त्यानं हात पुढं केला आणि चन्नम्मानं फोन दिला.

"वीरभद्रा, मस्कतचे खजूर आणतो म्हणाला होतास काकाला."

"काका..."

"तिची तूर कशी हाय?"

"दाणा बारीक हाय. आपल्यागत न्हाय."

"हूं." कल्याणप्पानं तुरीच्या उभ्या पिकाकडं बघितलं. "पडून राह्यली की भुंगा लागंल. राख चोळून ठेव म्हणावं तिला. चाळलेली राख. आन् गाडग्याचं तोंड शेणानं लिपायचं."

"सांगतो काका. तुमी..."

फोन कटला. परत लावला तर लागेना. कल्याणप्पानं तो वहिनीच्या हातात दिला, तोंडाकडं न बघता, आणि चुलीचे दगड मांडायला गेला.

दिवस मावळताना खोपीपुढं तीन दगडांवर नवं गाडगं ठेवून दूध उतू घालायचं. ज्या दिशेला दूध सांडेल, त्या कोपऱ्यावरचं मागणं पुरं होणार, असं त्या घरात मानत. दगड मांडण्यात कल्याणप्पा फार काटेकोर. गाडग्याआधी दगडांवर पाण्याची वाटी ठेवून बघायचा, कुठं कलतंय का. दूध आपल्या मनानं गेलं पाहिजे, आपण ढकलायचं नाही, असं तो पोरांना सांगायचा. त्या दिवशीही त्यानं वाटी ठेवली, बघितली, समाधानानं उचलली. गाडगं ठेवलं. जाळ घातला. सगळे भोवती जमले.

लाकूड आत सरकवताना त्याचा पाय पश्चिमेच्या दगडाला लागला. दगड बोटभर बाहेर सरला, गाडगं जरासं कललं. लागला की लावला? चन्नम्मा समोरच उभी होती. त्याच्या अंगठ्याची माती तिनं बघितली. त्यानं मान वर केली नाही.

दूध फुगलं, काठावर थरथरलं आणि पश्चिमेला सांडलं. राखेत चर्र वाजलं.

"पश्चिमेला," उत्तरेश्वर म्हणाला. "पर तिकडचं मागणं तर आडलं."

"आडलं ते दुसरं," कल्याणप्पा म्हणाला. "तिकडचं मागायचं राह्यलंय. मागा वैनी."

चन्नम्मानं पश्चिमेकडं तोंड केलं. "जहाज हलू दे," ती म्हणाली.

सगळ्यांनी कल्याणप्पाकडं बघितलं. ही त्याची वर्षभराची तूर होती. वाऱ्यानं शेंगा खुळखुळल्या.

"तसंच होऊ दे," तो जमिनीकडं बघत म्हणाला. शिवप्रियानं म्हटलं, मग बाकीच्यांनी. उरला उत्तरेश्वर. त्याचीही तूर ईटला उभी होती. तो डोकं खाजवायला लागला.

"आरं, म्या तर पाहुणा. माझं धरता का तुमच्या रीतीत?"

"धरतो," कल्याणप्पा म्हणाला.

उत्तरेश्वरानं बराच वेळ खाकरून घेतलं. मग पुटपुटला, "होऊ दे तसंच. पोरगं येऊ दे बाबा." आणि पेटता हेंडगा, गवताचा पलिता, घेऊन शेताला फेरी मारायला पळाला, म्हणजे कुणाला तोंड दिसायला नको.

जहाज जानेवारीत हललं. दुधामुळं नव्हे. तिकडं दंगा निवला आणि हमाल कामावर आले एवढंच. संक्रांत झाल्यावर वीरभद्र धाराशिवच्या स्टेशनावर उतरला, वाळलेला, दाढी वाढलेला. चन्नम्मा त्याला घ्यायला गेली होती आणि घरी येईपर्यंत तिनं त्याचं मनगट सोडलं नाही.

भाव उतरला, हमीभावाच्याही खाली गेला. कल्याणप्पानं उन्हाळ्यापर्यंत तूर धरून ठेवली, राख चोळून, आणि शेवटी पडत्या भावानं विकली. पुतण्याशी तो गुढीपाडव्यापर्यंत बोलला नाही. पाडव्याला स्वतःच आला आणि ती बाई राखेचं काय म्हणाली ते विचारलं. उत्तरेश्वरानं पुढच्या वर्षी तुरीऐवजी सगळं सोयाबीन पेरलं. ते अतिवृष्टीत गेलं आणि त्याचाही दोष तो कल्याणप्पाच्या दुधाला देतो. वीरभद्र आता लातूरच्याच मिलमध्ये आहे, शिवप्रियानं तिथं भाड्यानं खोली घेतली आहे. त्याच्या दाताखाली आफ्रिकेची तूरही येते आणि काकाचीही. अमेलियानं अर्ध्या रानात तीळ पेरल्याचं त्याला कळवलं. अर्ध्यात अजून तूरच आहे.

चन्नम्मा गावात राहते. पुढच्या येळवशीला दगडांवर पाण्याची वाटी तिनंच ठेवून बघितली. कल्याणप्पा शेजारी उभा राहून सांगत होता की गेल्या वर्षी तिथली जमीनच खालवर होती.

"व्हय," ती म्हणाली. "होती खरी."