संगणकातला सुळा

माझा वरचा उजवा सुळा जाऊन अकरा वर्षं झाली. भाजल्या डुकराची कुरकुरीत कातडी एका बाजूनं चघळत बसायचं, तेही धाकट्या जावेसमोर, हे मला शोभत नाही. म्हणून आमच्या बेटावरच्या गियान्यार शहरातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. सुआर्जना नाव त्याचं. हुशार आहे, फक्त विचारल्याशिवाय बोलतो.

त्यानं माझ्या डोक्याभोवती यंत्र फिरवलं आणि संगणकात माझा जबडा उभा केला. सुळ्याच्या जागी हाड खचलेलं, जुन्या विहिरीसारखं. तो म्हणाला, आधी पडद्यावर दात बसवायचा, मग त्याला आधार किती लागेल ते बघून तेवढी हाडाची पूड खड्ड्यात भरायची. सहा महिन्यांत ती जमली की स्क्रू, त्यावर दात. बोलता बोलता त्यानं पडद्यावर सुळा बसवलासुद्धा. कुत्र्याच्या सुळ्यासारखा टोकदार.

मी खुर्चीतून उठलेच. माझे वरचे पुढचे सहाही दात सोळाव्या वर्षी आमच्या रीतीप्रमाणे कानशीनं घासून सपाट केलेत. सहा दात, सहा रिपू. न घासलेला दात घेऊन मेलं की वर बांबू चावत बसावं लागतं. आणि वर माझी सासू आहे.

डॉक्टर म्हणाला, "दादोंग, दात अजून बसलाय कुठे? नुसतं चित्र आहे."

"आजीला शिकवू नकोस. रिपू चित्रातून शिरला तरी रिपूच."

गावच्या पुजाऱ्याला, जेरो मांकूला, घेऊन गेले. त्यानं पडदा निरखून निकाल दिला: दात इथेच घासायचा. पण ते आईबापांचं कर्तव्य. या दाताचा बाप कोण? ज्यानं उभा केला तो. डॉक्टरचं लग्न व्हायचंय, तरी बिचारा डोक्याला फडकं बांधून तयार झाला. मग जेरोनं विचारलं, खाली भरणार ते हाड कुणाचं? गाईचं, परदेशातून डबीत येतं, डॉक्टर पुटपुटला. म्हणजे आई ठरली. तिलाही बोलावणं आलं. परदेशातली कुठून आणू? शेजारच्या पान रेनेंगची तांबडी गाय पिवळं कापड बांधून दवाखान्यात उभी केली. बाकावरचे पेशंट सरकून बसले. त्यांना वाटलं, तिचा नंबर आधीचा असेल.

जेरोनं मंत्र म्हटले, डॉक्टरनं माऊसनं टोक घासलं, गाईनं नैवेद्यातली केळी संपवली. दात बसका झाला तसा डॉक्टरनं पडद्यावरचा स्क्रू जरा सरकवला आणि पूड चिमूटभर कमी लागेल म्हणाला. रिपू उतरला की असंच होतं, जेरो म्हणाला. डॉक्टरचे डोळे भरून आले. बापाचे येतातच.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हाड जमायला सहा महिने. मधेच मी गेले तर पाच दात घेऊन वर जाणार, आणि सासू आधी सहावा विचारणार.

मी डॉक्टरला म्हटलं, "तसं झालं तर हा संगणक माझ्या चितेवर येईल."

त्यानं आशेनं जेरोकडे पाहिलं. जेरो म्हणाला, "दात जिचा, तिच्याबरोबरच जायला हवा."

पूड भरून दोन महिने झाले. डॉक्टर रोज सकाळी फोन करतो. रक्तदाबाची गोळी घेतली का, पायऱ्या कठडा धरून उतरता ना. काल मला दोन शिंका आल्या, तर अर्ध्या तासात स्कूटर दारात.