प्रेताचा अंगठा

आमशाला मी पहिल्यांदा पाहिलं ते प्रेताच्या सोंगात. अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या एका पाड्यावर होळीनंतरचा मेळा भरला होता. सोंगाड्यांचा खेळ रंगात आला होता. जमिनीवर एक माणूस ताठ पडलेला, डोक्याशी त्याची बायको रडते आहे. म्हणजे बायकोच्या सोंगातला आमशाचा जोडीदार खात्या, मोठ्या मिशांचा. इतक्यात जंगलखात्याचा शिपाई येतो. सरणासाठी झाड कुणी तोडलं, विचारतो. याच्यासाठी तोडलं, असं म्हणून सगळे प्रेताकडे बोट दाखवतात. मग शिपाई पंचनामा काढतो आणि प्रेताला म्हणतो, ऊठ, अंगठा दे.

प्रेत उठतं. मुकाट्यानं अंगठा देतं. परत झोपताना शिपायाला विचारतं, "साहेब, आते जळू का?"

लोक हसून हसून लोळत होते. मी मात्र हसता हसता थांबलो. खेळ संपल्यावर कळलं की तो प्रसंग आमशाच्या घरी खरोखर घडला होता. बाप मेला तेव्हा चितेच्या लाकडांवरून शिपायानं घरच्यांना दोन दिवस चौकीवर बसवून ठेवलं होतं.

मी शहाद्याला हायस्कुलात मराठी शिकवत होतो. घर तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचं, भाऊ कापूस-केळी पाहायचा, मला नाटकांचं वेड. सत्तावन्न साल होतं. हिवाळ्यात धुळ्याला नाट्यस्पर्धा व्हायची होती. शहरातल्या मंडळींची तीच ती दिवाणखान्यातली नाटकं पाहून मी कंटाळलो होतो. डोंगरातलं सोंग घ्यायचं, त्यावर नवं नाटक उभं करायचं आणि सरकारला चार शब्द ऐकवायचे, असं मी त्याच दिवशी ठरवलं. आमशाला विचारलं. त्यानं मान डोलावली. दसऱ्यापासून तो आणि खात्या आठवड्यातून दोनदा डोंगर उतरून यायचे आणि शाळेच्या व्हरांड्यात तालीम करायचे.

प्रयोगाआधी संहिता सरकारी परीक्षणाला पाठवावी लागे. ती परत आली तेव्हा प्रेताच्या प्रवेशावर लाल पेन्सिलीची आडवी काट होती. बाकी नाटकावर मंजुरीचा शिक्का. तो प्रवेश काढला तर नाटकात काही उरत नव्हतं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी आमशाला म्हणालो, "प्रेताचं सोंग करायचं. जसं वरती करतोस तसंच."

"पन कागदवर तं काट मारेल शे ना?"

"काट राहू दे. तू कर."

तो म्हणाला, "गुरजी, वर समदा आपलाच मानसं शेतस. खाले ते कोन शेतस, माले काय माहीत?"

"मी शे ना," मी त्याच्याच बोलीत म्हणालो.

प्रयोग असा झाला की तसा माझ्या हातून पुन्हा झाला नाही. प्रेत अंगठा द्यायला उठलं तेव्हा थिएटरात आधी हशा उसळला, मग एकदम सगळं शांत झालं. पुढच्या रांगेतले दोन अधिकारी उठून गेले. मला ते विंगेतून दिसलं, आणि खरं सांगतो, मला आनंदच झाला.

तिसऱ्या दिवशी शाळेत बोलावणं आलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत पोलीस अधिकारी बसले होते. शेजारी संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव, ज्यांनी मला नोकरी दिली होती. आमशालाही बोलावून आणलं होतं. तो दाराशी उभा होता. त्याला कुणी आत ये म्हटलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी शिक्क्याची संहिता माझ्यापुढे ठेवली. "हा प्रवेश कापलेला आहे. तरी झाला. कसा?"

हिंमतराव माझ्याकडे बघत होते. जमनाला, माझ्या बायकोला, सातवा महिना लागला होता. हे सगळं मी आज सांगतो आहे. त्या क्षणी यातलं काही मनात आलं होतं की नाही, याची मला खात्री नाही. एवढंच आठवतं की मी फार पटकन बोललो.

"मी तालमीत तो काढला होता. नटानं आयत्या वेळी घातला."

अधिकारी दाराकडे वळले. "काय रे? कोणी सांगितलं तुला?"

आमशानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. तालमीत एखादं वाक्य नीट ऐकू आलं नाही की तो असाच बघायचा. मग म्हणाला, "कोनीच नही. मीच बोलनू."

नाटकाबद्दल त्याच्यावर काहीच कारवाई झाली नाही. पण आठवड्याच्या आत त्याच्यावरचं लाकूड तोडल्याचं एक जुनं प्रकरण वर आलं आणि त्याला दोन महिन्यांची कैद झाली. त्याच आठवड्यात स्पर्धेचा निकाल लागला. तो प्रवेश वगळून नाटकाचा विचार केला, असं परीक्षकांनी लिहिलं होतं. लेखनाचं दुसरं पारितोषिक मला. 'लोकपरंपरेचा आधुनिक रंगभूमीसाठी अभिनव वापर' असे शब्द होते. शाळेत माझा सत्कार झाला. हिंमतरावांनी स्वतः हार घातला.

घरी जमनानं तो हार खुंटीला टांगला नाही. ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "त्या गरीबले पुढे करी दिन्हं ना तुम्ही?"

मी तिला काही सांगितलं नव्हतं. खात्या येऊन सांगून गेला होता.

दोन महिने मी तुरुंगात भेटायला गेलो नाही. दर रविवारी धुळ्याची एसटी पकडायचं ठरवायचो आणि दर रविवारी वह्या तपासायला बसायचो. मुलगी झाली, बारसं झालं. आमशा सुटल्याचं कळल्यावर मात्र राहवेना. होळी झाल्यावर मेळ्याच्या दिवशी मी पाड्यावर गेलो.

दुपारचं ऊन होतं. खेळ चालू होता. मी गर्दीच्या मागे उभा राहिलो. आमशा प्रेत होऊन पडला होता, पण त्याच्या उशाशी आता बायको नव्हती. खात्या पांढरी टोपी घालून, तारेचा चष्मा लावून, काखेत वही धरून उभा होता. शिपायानं विचारलं, झाड कोणी तोडलं? खात्यानं चष्मा सावरला, घसा खाकरला आणि थेट माझ्या आवाजात, शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाला, "मी फक्त लिहिलं. तोडलं यानं."

लोक खदाखदा हसले. कुणीतरी मागे वळलं, मला ओळखलं, शेजाऱ्याला कोपर मारलं. हळूहळू हसणं थांबलं. वाट मोकळी झाली आणि मी सगळ्यांच्या समोर आलो.

आमशाची बायको रेवाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "बस, गुरजी. पाहुना शे तू." डोंगरात सगळ्यांना तूच म्हणतात. मी पाणी प्यायलो. ती तिथेच बसली आणि सहज सांगत असल्यासारखी म्हणाली, "तुन्हा भाऊना वावरमा मी दोन महिना कापूस येचा. पोरं संगे व्हतात."

मला हे माहीत नव्हतं. त्या दोन महिन्यांत मी चारदा भावाकडे गेलो होतो. शेतात बायका वाकून कापूस वेचताना मी पाहिल्या होत्या. त्यातली एकही मी नीट पाहिली नव्हती.

आमशा उठून आला. अंगावरची धूळ झटकत म्हणाला, "हासना नही तू. ज्यानं सोंग निंघस त्याले हासनं पडस. आमनी रीत शे."

सोंग माझं निघालं होतं, म्हणून मी हसायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही. म्हणालो, "आमशा, माझं चुकलं. इथं, सगळ्यांपुढे सांगतो."

"आठे सांगीसन काय उपेग? आठे समदासले माहीत शे. जठे खोटं बोलना, तठे जाईसन खरं बोल."

मी परत आलो. सोमवारी पोलीस ठाण्यात लेखी जबाब द्यायला गेलो. अधिकारी बदलून गेले होते. नव्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "मास्तर, कैद भोगून झाली. आता याचं मी काय करू?" तरी मी तो ठेवून आलो. त्याची एक नक्कल तालुक्याच्या साप्ताहिकाला दिली, पारितोषिकाचं पत्र स्पर्धेच्या मंडळाकडे परत पाठवलं. साप्ताहिकानं मजकूर छापला. पंधरा दिवसांत हिंमतरावांनी मला बोलावून राजीनामा मागितला. ओरडले नाहीत. "तुमच्यासारखा माणूस घालवायचं जिवावर येतं," म्हणाले. जिनिंग फॅक्टरीत मला हिशेबनिशी मिळाली. जमनानं एका शब्दानं तक्रार केली नाही. लोक मात्र मला धैर्यवान म्हणू लागले, आणि तेच सगळ्यांत जास्त बोचायचं.

वैशाखात आमशा शहाद्याच्या बाजाराला आला. एसटी स्टँडच्या बाकावर बसून होता. मी धावत घरी जाऊन साप्ताहिकाचा अंक आणला. वाटलं, त्याला दाखवावं.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचला. गाड्यांच्या आवाजात मोठ्यानं वाचावा लागला. तो पुढे झुकून ऐकत होता.

"फिरी वाच."

मी दुसऱ्यांदा वाचला. 'कापलेला प्रवेश करण्यास मीच सांगितले होते. एका आदिवासी नटाने माझा दोष स्वतःवर घेतला व शिक्षा भोगली.' तिथं त्यानं हात वर केला.

"यामा मन्हं नाव कोठे शे?"

मी कागदाकडे पाहिलं. तीन परिच्छेद होते. माझं नाव वर होतं, खाली होतं, मध्ये 'माझे लेखन' होतं. त्याचं नाव नव्हतं. मी किती रात्री त्या मजकुरावर घालवल्या होत्या, प्रत्येक शब्द तोलून बसवला होता.

"राही गयं," मी म्हणालो.

"राही गयं," तोही म्हणाला. अक्कलकुव्याची गाडी लागली. त्यानं मिठाची पिशवी खांद्यावर टाकली आणि चढला. खिडकीतून त्यानं हात केला नाही, तोंडही फिरवलं नाही.

मी त्याच दिवशी साप्ताहिकाला दुसरं पत्र दिलं, त्याच्या पूर्ण नावानिशी, पाड्याच्या नावानिशी. संपादक म्हणाले, विषय आता जुना झाला. पुढच्या चार वर्षांत मी ते आणखी तिघांकडे पाठवलं. कुणी छापलं नाही. नाटक मी पुन्हा लिहिलं नाही.