पस्तीस अंश

शुक्रवार, सकाळी आठ. तापमान पस्तीस. संख्या बारा. हालचाल चांगली.

ही नोंद करणारी बाई नवजात बाळांच्या वॉर्डात सतरा वर्षं काढलेली. दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि थट्टेच्या मूडमध्ये असला की नवराही. नवरा फरश्या बसवायचा. ही बारा पिल्लं त्यानंच घरात आणली. शेजारच्या मावशींची खुडूक कोंबडी, पिल्लं अंड्यांतून बाहेर पडली त्याच दिवशी कुत्र्यानं उचलली, आणि मावशींना तर तीन दिवस लेकीकडे जायचं होतं. "आमच्या हिच्याकडे द्या," तो म्हणाला. "तिच्या हाताला गुण आहे."

गुण.

दीड महिन्यापूर्वी, दुपारच्या पाळीत, तिच्या देखरेखीखालच्या काचेच्या पेटीत एक बाळ गेलं. चौकशी बसली. तक्ता तपासला. नोंदी वेळच्या वेळी, अक्षर सुवाच्य, खाडाखोड कुठे नाही. दोष कुणाचाच नाही, असं ठरलं. तेव्हापासून ती रजेवर होती, आणि रजा सोमवारी संपत होती. रविवारी संध्याकाळी मेट्रन फोन करणार होत्या: येतेस की नाही, काय ते एक सांग.

तिनं मनाशी पैज लावली. रविवारी संध्याकाळी बाराच्या बारा जिवंत असली, तर जायचं.

मग काय, डोळ्यांत तेल घालून कामाला लागली. फ्रिजचं रिकामं खोकं आणलं. कागदावर पाय घसरून फाकतात म्हणून तळाला सुती कापड घातलं. पाण्याच्या ताटलीत गोट्या ठेवल्या, पिल्लू बुडायला नको. दाणा बारीक भरडला. पुस्तकात लिहिलं होतं, पहिल्या आठवड्यात दिव्याखाली पस्तीस अंश. तिनं दिवा टांगला. लांबच्या टोकाला बोट घालून पाहिलं तर तिथं गार लागत होतं. हे तिला खपेना. त्या टोकालाही एक दिवा टांगला आणि थर्मामीटर दोन्हींच्या मधोमध.

"काय सिस्टर, पेशंट काय म्हणतात?"

"आधी पाय धुवा. सिमेंट घेऊन आत यायचं नाही."

"भेटायची वेळ दारावर लाव म्हणजे झालं."

"चार ते पाच. फक्त नातेवाइकांना."

"मग मी कोण लागतो यांचा?"

"तुम्ही? तुम्ही बाहेरचे वॉर्डबॉय."

दीड महिन्यात ती पहिल्यांदा हसल्यासारखी झाली. तो त्या खुशीत दोन कप चहा प्यायला.

शुक्रवार, दुपारी चार. तेहेतीस. बारा. सगळी जोरजोरात ओरडतात.

रडतंय म्हणजे गारठलंय, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. तिनं खोक्याचे वरचे पल्ले मिटून घेतले. काटा पस्तीसवर आला. ओरडणं थोडं कमी झालं. पुढं अजून कमी

शनिवार, सकाळी सहा. पस्तीस. दहा. चोच उघडी. पंख अंगापासून सुटलेले. भिंतीला चिकटून उभी.

झालं. दहा तर दहा. पहिल्या दिवशी एखाद-दुसरं जातंच, असं कुठंसं तिनं वाचलं होतं किंवा वाचलं नव्हतं. दहा जगली तरी

शनिवार, दुपारी बारा. पस्तीस. सात. चोच उघडी. पंख सुटलेले. भिंतीला चिकटून.

निम्मी. निम्मी जगली तरी जायचं.

नवऱ्यानं मागच्या भिंतीशी थापीनं पाच खड्डे खणले, फरशीच्या खालची माती सारखी करावी तसे नीट, एका ओळीत. हात धुऊन आला आणि खोक्याजवळ घुटमळला.

"अगं, मला आपलं वाटतं, गरम होतंय त्यांना."

"पस्तीस आहे."

"असेल. पण हात घालून बघ तरी."

"पस्तीस आहे म्हटलं ना! तुम्ही तुमच्या फरश्या बघा."

तो अंगणात निघून गेला. सिस्टर म्हणायचंही त्यानं सोडलं.

रविवार, दुपारी दोन. पस्तीस. तीन. चोच उघडी. पंख

एक. एक जगलं तरी.

तीनच्या सुमाराला मावशी आल्या त्या हातातली पिशवी खाली न ठेवताच. "बघू, कुठे आहे माझी पलटण?" पल्ला उचलून त्यांनी आत हात घातला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"अगं बाई! ही भट्टी कुणी पेटवली?"

"पस्तीस आहे, मावशी. मधोमध मोजलंय."

"मधोमध असू दे गं. त्यांना पळायला जागा कुठंय?" मावशींनी एक दिवा विझवला, पल्ले उलटे दुमडले. "आईच्या पंखाखाली ऊब असते आणि पंखाबाहेर गार. गरम झालं की बाहेर, गार लागलं की आत. त्यांचं त्यांना कळतं. तू त्यांना बाहेर म्हणून काही ठेवलंच नाहीस."

पाच-दहा मिनिटांत खोकं निवलं. तीन पिल्लं अडखळत विझलेल्या दिव्याच्या टोकाला गेली. पाणी प्यायली. बसली. हळूहळू चोची मिटल्या.

"जाऊ दे," मावशी म्हणाल्या. "पहिल्यांदा कुणाचं धड होतं? माझी पहिली खेप तर सगळी मांजराच्या पोटात गेली."

तिनं नोंद करायला वही उघडली आणि खालून वर वाचत गेली. चोच उघडी. पंख सुटलेले. भिंतीला चिकटून. दर दोन तासांनी हेच, तिच्याच सुवाच्य अक्षरात. पिल्लं सांगत होती. तिनं ऐकलं, लिहून घेतलं, मग काट्याकडे पाहिलं, आणि काटा बरोबर होता. खाडाखोड एकही नव्हती.

त्या दुपारी बाळाचा चेहरा कसा दिसत होता, हे ती दीड महिना आठवायचा प्रयत्न करत होती. आठवत नव्हता. तापमान आठवत होतं, दशांशासकट.

फोन पाचला आला. मावशी अजून खोक्याशीच बसल्या होत्या.

"काय गं, येतेस ना उद्या? दोघी जणी आजारी पडल्यात, माझा जीव मेटाकुटीला आलाय."

एक पुरणार होतं आणि तीन जिवंत होती. पैज ती जिंकली होती.

"नाही येत, मॅडम."

"वेडी आहेस का? तुझ्यावर काही आलंय का? तक्ता मी स्वतः पाहिलाय. एक चूक दाखव त्यात."

"नाहीच आहे."

"मग?"

"माझ्या जागी दुसरं कुणी घ्या."

दारात उभ्या नवऱ्यानं सगळं ऐकलं. तो उंबऱ्यावर खाली बसला.

"ही तीन राहू देत तुझ्याकडे," मावशी म्हणाल्या. "आता आलं ना लक्षात."

"घेऊन जा."

"अगं, पण—"

"मावशी, घेऊन जा."

मावशींनी पिल्लं टोपलीत घेतली, वर फडकं टाकलं. जाताना त्या तिच्याजवळ क्षणभर थांबल्या. टोपलीतून काहीच आवाज येत नव्हता.

"झोपलीत," मावशी म्हणाल्या.

तिनं मान हलवली. झोपलेलं आणि गेलेलं यातला फरक तिला सांगता आला नसता.