शेवटच्या कडव्यातलं नाव

स्वरूपा नावाच्या बाईंना मी जो पहिला ई-मेल पाठवला त्यात शिवी तेवढी नव्हती, बाकी सगळं होतं.

एकोणीसशे नव्व्याण्णव सालचा नोव्हेंबर. बारामतीत स्टँडजवळ एका कॉम्प्युटर क्लासमध्ये इंटरनेट आलं होतं. तीन मशिनं, त्यातलं एक चालू. ते चालवणारी रश्मी, लोणी भापकरची, माझ्या मराठीचं टायपिंग करून द्यायची. मी माळेगावच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर. पाळी सुटली की सायकल तिकडं. पुण्यातल्या काही मंडळींनी इंटरनेटवर मराठी गाण्यांचा कोश सुरू केला होता, ‘स्वरनोंद’ नावाचा. कुणीही कुठल्याही कॅसेटवर नोंद लिहून पाठवायची. मग ते तपासणार. प्रत्येक वाक्याखाली पुरावा लागणार. सांगोवांगी चालणार नाही. तीस नोव्हेंबरला नोंदी बंद, मग वर्षभर कुणी बोट लावायचं नाही.

मी माझ्या बापाच्या कॅसेटवर नोंद लिहिली. ‘बांधावरचं निशाण’. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, एक्क्याण्णव साली, पुण्यात रेकॉर्ड झाली. आठ गाणी. जोतीराम आणि पार्टी, वरकुटे, तालुका इंदापूर. बाप चौऱ्याण्णवला गेला. पण एप्रिल महिन्यात इंदापुरापासून बारामतीपर्यंत एक वस्ती दाखवा जिथं ही कॅसेट वाजत नाही. मी लिहिलं : गीतकार, संगीतकार, मुख्य गायक, सबकुछ जोतीराम.

नोंदी तपासणाऱ्या स्वरूपाबाईंचं उत्तर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत आलं. रश्मीनं वाचून दाखवलं.

“‘गीतकार जोतीराम हे कशावरून?’ असं विचारलंय, दादा.”

“कशावरून? आमच्या माणसानं गाणं लिहिलं म्हटलं की लगेच कशावरून! बाकीच्यांना विचारतात का कशावरून?”

“सगळ्यांना विचारतात. माझ्या मामांनी भजनाच्या कॅसेटची नोंद पाठवली, त्यांना तर अकरा वेळा विचारलं.”

“तू टाइप कर.”

तिनं केलं. मी सांगत गेलो, तिचे कान लाल होत गेले. पुरावे तीन दिले. एक, कॅसेटवरचा छापील कागद. दोन, प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात जोतीरामाचं नाव आहे. आमच्याकडं कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालतो, ती त्याची सही. तीन, एक्क्याण्णव साली बारामतीच्या साप्ताहिकात आलेला लेख, ‘एका शाहिराचा कंदील’. लेखक मीच. बाप मळ्यातून दमून येतो, रात्री कंदिलाच्या उजेडात वही उघडतो, गाणी लिहितो. तो लेख बापानं लॅमिनेट करून भिंतीला लावला होता.

चार दिवसांनी उत्तर. कागदावर ‘गीतकार’ असा शब्द नाही. कडव्यातलं नाव गाणारा बदलू शकतो. लेख छापील आहे म्हणून चालेल, पण लेखक मुलगाच आहे. तेव्हा आणखी एक पुरावा हवा. वही, पत्र, काहीही. शेवटी एक ओळ : ‘रागावू नका, कंदिलाचा भाग फार सुंदर आहे.’

रविवारी मी वरकुट्याला गेलो. म्हटलं, आता बापाच्या हातची वहीच तोंडावर मारतो.

आई, केसरबाई, ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठली, पत्र्याच्या पेटीतनं निळ्या पुठ्ठ्याची वही काढून दिली. बापाचं अक्षर. आठी गाणी, खाली सही. मला तिथंच जिंकल्यासारखं वाटलं.

“लई झ्याक,” मी म्हटलं. “आता बोल म्हणावं त्या बाईला.”

आई वळली. आत गेली. ज्वारीच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तिनं एक कॅसेट काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोरा गुंडाळलेला.

“ही बी ऐक आदी.”

“काय हाय?”

“तुज्या बापानं पुण्याला जायच्या आदी हितं टेप लावून तालीम केली हुती, ती. ह्याच्यावर दुसरं कायतरी भर म्हणून माज्याकडं दिल्ती. मी न्हाय भरलं. तूच म्हंतूस ना पुरावा पायजे?”

टेप लावला. आधी भांड्यांचा आवाज. कोंबडी. मग बापाचा बोलतानाचा आवाज, पाच वर्षांनी. ढोलकी नाही, पेटी नाही. बाप म्हणाला, “हां, कुशे, म्हण पुढं. सावकाश म्हण, मला ल्हायाचं हाय.”

आणि कुशाआत्याचा आवाज. बापाची चुलतबहीण, दोन घरं सोडून राहणारी, नवरा लवकर गेलेली, जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेली. पार्टीत ती मागं उभी राहून साथ करायची. कॅसेटच्या कागदावर तिचं नाव नाही. ‘साथ : महिला मंडळ’ एवढंच. तिला अक्षर ओळखत नाही. ती एकेक ओळ म्हणत होती, अडत होती, बदलत होती, “न्हाय न्हाय, आसं नगं, आसं ल्ही” म्हणत होती. बाप लिहीत होता. आमचं ते गाणं, ज्याच्यावर मी भाषणं ठोकली, ते माझ्यासमोर तिच्या तोंडातून तयार होत होतं :

‘बांधावरचं निशाण हाललं गं बाई
पाटाच्या पाण्याला जात न्हाई गं बाई’

मग शेवटचं कडवं.

‘खुरप्याच्या मुठीनं घट्टं पडलं
कुशाच्या तोंडात गाणं घडलं’

टेपवर थोडा वेळ नुसती खरखर. मग बाप खाकरला.

“कुशे, हितं माजं नाव घालू का? पार्टी माज्या नावाची हाय. कंपनीवालं म्हंत्यात एकच नाव ठेवा. बाईचं नाव आलं तर लोकं म्हंत्याल तमाशा हाय का काय.”

“मग मी गायाला येऊ का नगं?”

“येशील की. तुज्याबिगर कसं?”

“मग घाल.”

तेवढंच. दोन शब्द. पुढं बाप स्वतःच गुणगुणतो : ‘वाचता वाचता डोळं उघडलं, जोतीरामाच्या हातून गाणं घडलं.’ आणि खटकन टेप बंद.

मी आईकडं बघितलं. तिच्या हातात शेंग तशीच होती.

“आठी गाणी?”

“आठी.”

“तुला म्हाइत हुतं?”

“मी तितंच चुलीपाशी हुते. भांडी कोन वाजवतंय आसं वाटलं तुला?”

पुण्याच्या बाईंना मी लिहिलं होतं, तुम्ही आमचं श्रेय चोरायला बसलाय. पिढ्यान्‌पिढ्या हेच केलंत. आणि चोरी आमच्या ओसरीवर झालेली, आमच्याच टेपवर, खणखणीत आवाजात. बापाला शिवी द्यावी तर तो भिंतीवर, फोटोला हार. मी उठून आत्याकडं गेलो. बोलायचं काय ते ठरलं नव्हतं.

कुशाआत्या दारात तांदूळ निवडत होती. गुडघे धरलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू.

“जय भीम, आत्या.”

“जय भीम. ये संघ्या. कारखान्यानं सुट्टी दिली व्हय रं? का ऊस सपला?”

मी सांगितलं. टेप ऐकला म्हणून सांगितलं. बापाच्या वतीनं माफी मागायला लागलो, तर तिनं हात वर केला.

“थांब. तुज्या बापाचं काय काढतूस? त्यानं इचारलं हुतं मला. मी व्हय म्हणलं. मला गायाचं हुतं, मी गायलं. त्यो सौदा आमचा आमी केला.” तिनं एक खडा बाजूला टाकला. “तू कुटं इचारलंस?”

“मी?”

“पेपरात ल्हिलंस नव्हं? आक्क्या वस्तीनं वाचून दावला मला. जोतीराम कंदील लावून रातीचं गानी ल्हितुया. कंदील कुटला रं? अट्ट्यात्तर साली लाईट आली वस्तीत. तुज्या बापाला तर कंदिलाची वात सुदीक वर करता येत नव्हती.”

शेजारच्या घरातून कुणीतरी खुदकन हसलं. मला हसू आलं नाही. ती खरंच बोलत होती. कंदील मी बनवला होता. मी त्या काळात पुण्यात मेसला जेवून ग्रंथालयात बसायचो, कवीचं चित्र कसं असतं ते पुस्तकांतून शिकलेलो. कवी म्हणजे रात्र, कंदील, वही. बाप कवी म्हटल्यावर कंदील आपोआप आला. भर उन्हात, खुरपं हातात धरून, ओळीत बसून बाई गाणं करते हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि गाण्यात तर उघड लिहिलेलं : घट्टं, पाट, बांध, भांगलण. बाप रानात गेला तरी बांधावर उभा राहून मुकादमकी करायचा. आठ वर्षं मी ते ऐकत होतो. पडताळलं नाही. पुरावा मागणाऱ्या बाईवर मात्र तुटून पडलो.

“आत्या, मी ही नोंद बदलतो. तुजं नाव घालतो.”

“बदल न्हायतर ऱ्हाऊ दे. आवाज गेला आता माजा.” मग सूप ठेवून म्हणाली, “पन खरंच घालत्यात का रं? माजं? बाईचं?”

ते ‘खरंच’ तिनं ज्या आवाजात विचारलं, त्यानंतर मला मागं फिरायला वाट उरली नाही.

वही पिशवीत होती. ती पाठवली असती तर काम झालं असतं. बापाचं अक्षर, बापाची सही, बाईंना हवा होता तसा दुसरा पुरावा. आई काही बोलली नसती. आत्या तर नाहीच. एस.टी.त बसल्यावर इंदापूर येईपर्यंत हा विचार माझ्या डोक्यात होता. नव्हता असं सांगणार नाही.

सोमवारी रश्मीला सगळं सांगून टाइप करायला लावलं. तिचे हात मध्येच थांबले.

“दादा, हे तुमच्या वडिलांबद्दल आहे. पाठवू?”

“पाठव.”

उत्तर दुसऱ्याच दिवशी. ‘टेप हा खाजगी पुरावा आहे, आम्हाला तपासता येत नाही. तुमच्या एक्क्याण्णवच्या छापील लेखात गीतकार जोतीराम असंच आहे. छापील मजकूर छापील मजकुरानेच खोडता येईल.’

म्हणजे आत्याच्या वाटेत आता बाप नव्हता. मी होतो. माझा लेख, माझा कंदील.

साप्ताहिकाच्या संपादकाकडं गेलो. लेख लिहून नेला होता. त्यात स्पष्ट लिहिलं : आधीचा लेख खोटा, तो मी मनानं रचला, गाणी कुशाबाईंची. संपादकानं दोनदा वाचला.

“अहो, लोक आपल्या बापाचं नाव मोठं करतात.”

“एकदा केलं की. तुम्हीच छापलंत.”

सत्तावीस तारखेच्या शनिवारी लेख आला. त्याच दुपारी एस.टी.डी. बूथवरून पुण्याला फॅक्स केला. वस्तीत बोंब झाली. पार्टीतल्या ढोलकीवाल्या धोंडिबानं माझ्याशी बोलणं टाकलं. आईनं भिंतीवरचा लॅमिनेट केलेला लेख काढून फोटोमागं उलटा ठेवला. फेकला नाही.

तीस तारखेला आई आत्याला घेऊन नोंद बघायला इंदापूरला गाडी बदलून बारामतीला आली. आत्यानं निळी साडी नेसली होती, चौदा एप्रिलची. रश्मीनं तिला खुर्ची दिली. इंटरनेट जोडताना मशिनचा तो करकर-चीं आवाज सुरू झाला तशी आत्या म्हणाली, “ह्याला बी दमा हाय वाटतं.” पान हळूहळू, एकेक पट्टी उघडत आलं. बांधावरचं निशाण. एक्क्याण्णव. आठ गाणी.

“कुटं हाय माजं?”

रश्मी वाचत होती. वाचता वाचता गप्प झाली. मी वाकून बघितलं.

‘गीतकार : अनिश्चित.’ खाली बारीक अक्षरात : ‘या संदर्भात एकाच लेखकाचे परस्परविरोधी दोन लेख उपलब्ध आहेत. लेखकाची विश्वासार्हता संशयास्पद असल्याने दोन्ही ग्राह्य धरलेले नाहीत.’

माझ्या कानात कारखान्याचा भोंगा वाजल्यासारखं झालं. एवढं करून जोतीराम गेला आणि कुशाही आली नाही. आठ गाणी, आणि ती कुणाचीच नाहीत. बाई चुकल्या म्हणावं तर तेही तोंडात येईना. खोटारड्याचं दुसरं वाक्य खरं आहे हे त्यांनी कशावरून मानावं?

“काय ल्हिलंय?” आत्यानं विचारलं.

मीच सांगितलं. ती पडद्याकडं बघत राहिली.

“म्हंजी आदी माजं न्हवतं, त्याचं हुतं. आता त्याचं बी न्हाय.”

“आत्या, माझं चुकलं.”

“ते तर चुकलंच.” ती म्हणाली. “त्या बाईनं तुला इचारलं, तुज्या बापाच्या वहीला इचारलं, पेपरला इचारलं. मला कुनी इचारलं का? मी मेले न्हाय आजून.” मग रश्मीकडं वळली. “पोरी, तुला ल्हायला येतं?”

“येतं, आजी.”

“तर ल्ही. आठी गान्याची शेवटची कडवी म्हंते, माजी. जोतीरामाच्या आदीची. ह्याच्या टेपात एकच हाय, बाकीची सात माज्या तोंडात हायती. ती आनखी कुनाला म्हाइत न्हायती. जोतीरामाला बी न्हवती; नाव घाल म्हणल्यावर मी म्हणलीच न्हायती.”

रश्मीनं माझ्याकडं बघितलं नाही. इंटरनेटचं कनेक्शन बंद केलं, नवं कोरं पान उघडलं. आई आत्याशेजारी जमिनीवर बसली. आत्यानं पदर तोंडावरून फिरवला, डोळे मिटले, आणि फुटक्या आवाजात पहिली ओळ धरली. रश्मीची बोटं चालायला लागली तशी ती मध्येच थांबली.

“थांब. नाव आदी ल्ही. कडवं मागनं.”

रश्मीनं ओळ खोडली आणि पानाच्या अगदी वर लिहिलं : कुशाबाई.